खिशातली लाईट

आमच्या व्याह्यानं उभ्या जन्मात एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. तो शब्द म्हणजे 'लाईट गेली'.

आपल्याकडं निम्मी कामं ह्या शब्दावर चालतात. लाईट गेली की बायका दारात येऊन बसतात, पोरं बाहेर पळतात, आणि घरातला एखादा शहाणा स्टूल घेऊन बोर्ड उचकटायला चढतो. का, तर लाईट गेलीय, आता काय होतंय. असा कुणी स्टुलावर दिसला की व्याही रस्त्यानं जाताजाता थांबायचा. ओळख असो नसो, दारातनंच विचारायचा.

"गेली म्हंजे कुठं गेली?"

वरचा म्हणायचा, "कुठं म्हंजे? गेली."

"सांगून गेलीया का, कवा येती ते?"

"आवो तात्या, लाईट हाय ती. पावनी न्हाय."

"पावनी असती तर बरं झालं असतं. पावनी दारातनं येती. ही तुझ्या हातातनं यील."

आणि तो माणूस शिव्या घालत खाली उतरेपर्यंत हा जागचा हलायचा नाही.

त्याची स्वतःची रीत निराळी होती. घरात विजेचं कसलंबी काम काढलं की आधी मीटरपाशी जायचं, चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपटायचा आणि सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात टाकायचा. काम होईपर्यंत फ्यूज खिशात. मधेच जेवायला बसला तरी खिशात, मधेच बाजारात गेला तरी खिशात. एकदा तो फ्यूज खिशात घेऊन एसटीनं इंदापूरला गेला आणि घरची माणसं दिवसभर घामाघूम होऊन त्याची वाट बघत बसली. त्या वजनानं त्याच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशांना झोळ आला होता. पुढं माझ्या जावयानं, म्हणजे त्याच्या पोरानं, फ्यूज काढून नवा, आपोआप पडणारा खटका बसवायचं काढलं. सगळ्यांकडं तसाच असतो आता. व्याही म्हणाला, "खटका खाली पाडला तर कुणी बी यिऊन वर करील. फ्यूज माझ्या खिशात असला तर आधी मला इचारावं लागंल." खटका बसला नाही.

लोक त्याला येडा म्हणायचे. मी नाही म्हणालो कधी. मी त्याला लबाड म्हणायचो, आणि ते सुद्धा मनात. व्याह्याला तोंडावर बोलायची आपल्यात रीत नाही.

मी कन्हेरीचा, तो निमगाव केतकीचा. मधी बारामती. माझी शाळा म्हणजे मी एक बाक झिजवला आणि मास्तरनं माझी पाठ, तेवढीच. पण हे मी माझ्या हातानं लिहितोय, दुसऱ्याला सांगून नाही. सांगून लिहून घेतलं की समोरचा त्याच्या पदरचं घालतो. ज्याला ऱ्हस्वदीर्घ बघायचंय त्यानं बघत बसावं.

तो पहिल्यांदा आमच्याकडं आला तो पोरगी बघायला. चार माणसं आली, हातपाय धुतले, बसली. हा बसला नाही. सोप्यातल्या बोर्डापाशी गेला आणि नाक लावून वास घेतला. आमच्याकडच्या बोर्डात तेव्हा रेडिओची वायर बिनपिनीची होती. उघड्या तारा भोकात घालायच्या आणि निसटू नयेत म्हणून काडीपेटीच्या काड्या खुपसायच्या. कोण तसं करत नव्हतं? त्यानं त्या काड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "पावणं, घराला काडी लावूनच ठिवलीया की."

बाकीचे हसले. मी हसलो नाही. मी त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून होतो. पोरगी बघायला आलेला माणूस मीटर कुठंय, वायर कुठनं आलीय, हे कशाला बघतो? मी मनात म्हटलं, हा घर बघून ठेवतोय.

पोरगी पोहे घेऊन आली. आता विचारायचं ते विचारावं. भाकरी येते का, शेतातलं येते का, शिकली किती. ह्यानं सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं.

"बाळ, बटन दाबायच्या आधी हात पुसतीस का?"

पोरगी बावरली. मग म्हणाली, "पुसते. पदराला." आणि वर म्हणाली, "आबाच न्हाईत पुसत."

"पोरगी पसंत हाय," तो म्हणाला. "बापाचं मागनं बघू."

असल्या घरात पोरगी द्यावी का, ह्यावर मी बरेच दिवस गप्प होतो. पण पोरगा सरळ होता, ऊस होता, ईनबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. संशय होता तो एकट्या म्हाताऱ्याचा. तेवढ्यावर कोण स्थळ मोडतं?

लग्नात मी आंदण दिलं. भांडी, कपाट, आणि एक टेबलफॅन. आत्ताची प्लास्टिकची खेळणी नव्हे. लोखंडी बूड, लोखंडी जाळी, उचलायला दोन हात लागायचे. बारामतीतनं मी तो कोरा घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून आणला. पोरीच्या खोलीला एकच खिडकी, ती पण पश्चिमेला, हे मी जाऊन बघून आलो होतो. पोरीला वारा लागावा, एवढंच माझ्या मनात.

मांडवात आंदण मांडलं. बायका भांडी वाजवून बघत होत्या. व्याही आला, पंख्यापुढं मांडी घातली, आणि खिशातनं पेचकस काढून पंख्याचं बूड उघडायला लागला. भर मांडवात. अक्षता अजून लोकांच्या डोक्यावर होत्या.

मी म्हटलं, "पावणं, कोरा हाय त्यो. डबा तुमच्यासमोर फोडलाय."

"कोरा हाय म्हणूनच उघडतूया," तो म्हणाला. "जुन्यानं कुणाला तरी झटका दिऊन झाल्याला असतो. ह्यानं अजून द्यायचाय."

बूड उघडलं, आत बोट घातलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "दोनच हायत्या. तिसरी न्हाय."

त्याला म्हणायचं होतं वायर. पंख्यात दोनच तारा होत्या, तिसरी अर्थिंगची नव्हती. पण मांडवात हे कुणाला कळणार? बायकांत गेलं, इवाई म्हणतोय आंदणात एक कमी हाय. पुरुषांत गेलं, दोनच दिलं, तिसरं द्यायचं राहिलं. पंगतीला बसेपर्यंत माझ्या सख्ख्या भावानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "दादा, तिसरं काय कबूल केलं हुतंस?"

ते मी विसरलो नाही. अजून विसरलो नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा निमगावला गेलो तर पंखा सोप्यात. वर जुनं धोतर पांघरलेलं. पोरीच्या खोलीत वारा नाही, भिंती तापलेल्या. मी पोरीला विचारलं, तर म्हणाली, "मामंजी देत न्हाईत." आणि हसली. सासरी हसणाऱ्या पोरीच्या हसण्यावर बापानं लगेच विश्वास ठेवू नये. मी तेव्हापासनं एकच गोष्ट बघायला लागलो, पोरगी ह्या घरात सुखात आहे का नाही. बाकी मला त्या घरातलं काही बघायचं नव्हतं.

पुढच्या वेळी गेलो तर पंखा उघडा. पोत्यावर जाळी एकीकडं, पाती एकीकडं, आणि हा मधी पाटावर, पायात रबरी चपला. मला पक्कं वाटलं की हा आतलं तांबं काढून घेणार आणि त्या जागी काहीतरी हलकं भरणार. मी समोर बसलो. चहा आला, तो तिथंच घेतला. ईनबाई म्हणाल्या, "पावणं, आत या की." म्हटलं, "हितं गार वाटतंय." गार कसलं, पंखा तर सुटा पडलेला.

पण बघितलं ते सांगतो. कुणाच्या कामाला येईल.

पंख्याची पिन भिंतीतनं काढून स्वतःच्या मांडीखाली घेतलेली. तरी फ्यूज खिशात. मी म्हटलं, "पिन तुमच्या मांडीखाली हाय, मग सगळ्या घराला कशाला अंधारात बसवलंय?"

"पंख्यावर न्हाय माझा संशय. घरच्यांवर हाय. म्या पाणी प्यायला उठलो की एखादा म्हणायचा, म्हाताऱ्याची पिन निघाली वाटतं, लावून दिऊ. मायेनं मारत्यात लोक."

मग आतला कंडेन्सर. बोटाएवढी डबी असती ती. त्याला हात लावायच्या आधी त्यानं तपासायच्या दिव्याच्या, म्हणजे होल्डरातल्या साध्या बल्बाच्या, दोन सुट्या तारा त्याच्या दोन टोकांना लावल्या आणि थांबला. म्हणाला, "पिन काढली, फ्यूज काढला, तरी ह्याच्या पोटात राहतंय. ह्यो राग धरणारा हाय. आधी ह्याचं पोट मोकळं करायचं, मग हात लावायचा." मला वाटलं हे त्यानं माझ्याकडं बघून म्हटलं.

जुनी वायर टाकून दिली. नवी तीन तारांची आणली होती, लाल, काळी, हिरवी. सगळ्यात आधी हिरवी. ती पंख्याच्या लोखंडाला कसून आवळली, रंग खरवडून, खाली वायसर घालून. मग लाल, मग काळी. बुडातनं वायर बाहेर पडते तिथं आत गाठ मारली, की कुणी वायरीला हिसका दिला तर वढ गाठीवर यावी, जोडावर येऊ नये. आणि पिनीत हिरवी मुद्दाम लांब ठेवली, ढिली.

मी म्हटलं, "ही का सैल?"

"वढ बसली तर लाल काळी आधी तुटावी. हिरवी सगळ्यात शेवटी. जोडायची पहिली, तोडायची शेवटची." मग पिनीचं झाकण लावत म्हणाला, "हिरवीला आन सुनंला ढील द्यावी."

झालं मग. दांडा फिरतो त्या गोळ्यात तेलाचा थेंब टाकला, पाती हातानं फिरवली, जाळीला घासत नाही बघितलं. फ्यूज लावून पंखा त्याच दिव्याशी शिरीजमधी जोडून बघितला, पंख्याच्या अंगात काही उतरत नव्हतं. तांबं जागच्या जागी होतं, मी डोळ्यानं बघितलं. आणि एवढं सगळं करून त्यानं पंख्यावर परत धोतर टाकलं.

मी म्हटलं, "आता काय?"

"आता पंखा खरा हाय. घर खोटं हाय."

एवढंच बोलून उठला. आता तुम्हीच सांगा, दुरुस्त झालेला पंखा सुनेला न देणाऱ्या माणसाबद्दल बापानं काय समजायचं?

पोरीला दिवस गेले. मी बारामतीला मार्केट यार्डात गूळ घेऊन गेलो होतो, तिथं निमगावचा एक ओळखीचा भेटला. तो मला हातगाड्याच्या आडोशाला घेऊन गेला.

"आबा, तुमच्या इवायाचं काय चाललंय म्हाईत हाय का?"

"काय?"

"सुनंच्या खोलीमागं खड्डा घेतलाय, कमरंयेवढा. त्यात तांब्याचा पत्रा पुरला. वर मीठ टाकलं, कोळसं टाकलं. आन रोज सांजच्याला तितं कळशी वततूया. काय उगवत न्हाय, काय न्हाय."

तांबं, मीठ, कोळसा. गर्भार पोरीच्या भिंतीला लागून. हे काय असतं ते आमच्या पिढीतल्या माणसाला सांगायला लागत नाही. गूळ तसाच सोडला. ओळखीच्या दुकानातनं कुदळ घेतली आणि निमगावची एसटी धरली.

कंडक्टर म्हणाला, "आबा, कुदळ घिऊन कुठं?"

म्हटलं, "पावण्याकडं."

त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं सरकला.

मी समोरच्या दारानं गेलोच नाही. घराला वळसा घालून मागं. हा तिथं उभा, कळशी वाकडी करून जमिनीवर पाणी ओतत. जमिनीतनं एक पाईप वर आलेला आणि पाईपाला तार बांधून ती भिंतीतनं आत गेलेली. थेट पोरीच्या खोलीत.

"काय पेरलंय पावणं?" मी विचारलं.

त्यानं कुदळीकडं बघितलं. "काय न्हाय."

"मग पाणी कुणाला?"

"जमिनीला. वाळली की बहिरी हुती ती."

"आन मीठ? मीठ कुणाच्या नावानं घातलंय?"

"तुमच्या लेकीच्या."

असं सरळ म्हणाला. मी कुदळ उचलली. पाईपावर घालणार, तेवढ्यात मागच्या दारातनं पोरगी आली. पोट घेऊन ती पळत आली ते बघून माझी कुदळ हवेतच राहिली.

"आबा! तारंवर घालू नका!"

"तू पिशवी भर. आत्ता चल माझ्यासंगं."

"कशाला?"

"ह्या घरात तुझ्यावर करणी चाललीया न् मला इचारतीस कशाला?"

व्याही हसला नाही. तो रागावला पण नाही. कळशी खाली ठेवली, आत गेला, आणि तोच दोन तारांचा दिवा घेऊन आला. पोरीला लांब, कोरड्या ओट्यावर उभी केली. मग मला म्हणाला, "पावणं, घिऊन जायचं तर घिऊन जावा. लेक तुमची. पर हे बघून जावा. आन कुदळ खाली ठिवा, लोखंडाची हाय ती."

एक तार त्यानं खोलीतल्या बोर्डाच्या लाल तारेच्या, म्हणजे लाईटीच्या, भोकात घातली, टेस्टरनं बघून. दुसरी तार भिंतीतनं आलेल्या जमिनीच्या तारेला लावली. दिवा लख्ख पेटला. दुसरी तार जमिनीत, आणि दिवा पेटलेला.

"ह्यो खड्डा नव्हता तवा ह्यो दिवा लागत नव्हता," तो म्हणाला. "पंख्याच्या अंगात कधी चुकून लाईट उतरली तर तिला जमिनीत जायचंच असतंय. वाटा दोनच. येक तुमच्या लेकीतनं. दुसरी ह्या तारंतनं. मिठानं न् कोळशानं जमीन वली राहती, वलीतनं लाईट लवकर जाती. म्या दुसरी वाट खणून दिलीया. पंखा तुमचा तवाच खरा झाला हुता. घर माझं खोटं हुतं, त्याला तिसरी न्हवती."

दिवा पेटला म्हणून माझा संशय गेला, असं कुणी समजू नये. दिवे जत्रेत पण पेटतात. पोरीला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि विचारलं, "खरं सांग. तरास हाय का हितं?"

"हाय की," ती म्हणाली.

"सांग."

"केस वलं आसलं की पंख्याजवळ फिरकू देत न्हाईत. वल्या पायानं खोलीत आले की वरडत्यात. बटनाला हात लावायच्या आधी माझा पदर चाचपून बघायला लावत्यात, कोरडा हाय का. शेजारणी हसत्यात मला." मग जरा थांबून म्हणाली, "आबा, तुमी मला येवढं कधी वरडला न्हाईत."

मी बाहेर आलो. जेवायला थांबलो नाही, पाणी तेवढं प्यालो. कुदळ नेली नाही. म्हटलं, असू द्या हितंच. लागंल कधी. त्याला काय समजायचं ते तो समजला. पुढं बरीच वर्षं ती कुदळ त्या खड्ड्याजवळच्या भिंतीला उभी होती आणि त्यानं ती एकदापण हलवली नाही. त्याच दिवशी पंख्यावरचं धोतर निघालं आणि पंखा पोरीच्या खोलीत गेला. हे मला पोरीनं नंतर सांगितलं.

बापानं संशय घ्यायचाच असतो. मी आजही तेच म्हणतो. त्यानं विजेवर घेतला, मी त्याच्यावर घेतला. आपापलं काम दोघांनी केलं.

तो असा का झाला, ह्याच्या निमगावात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी आहेत. कुणी म्हणतं विहिरीवरच्या मोटारीला त्याचा भाऊ चिकटला होता, कुणी म्हणतं बैल. कुणी म्हणतं काहीच झालं नव्हतं, जन्मतःच तसा. मी एकावरही विश्वास ठेवत नाही आणि त्याला मी कधी विचारलं नाही. दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो पंखा खोलायचा, वायर वाकवून बघायचा कुठं तडकलीय का, आणि परत जोडायचा. शेजाऱ्यांनी इन्व्हर्टर घेतला तेव्हा तो त्यांच्या दारात जाऊन बसला. म्हणाला, "ही चोरून ठिवल्याली लाईट. बाहेरची गेली तरी ही घरात दबा धरून असती. हिच्यापुढं माझा फ्यूज बी कामाचा न्हाय." त्यानं आपल्या घरात इन्व्हर्टर येऊ दिला नाही. उन्हाळ्यात सगळे त्याच्या नावानं बोटं मोडायचे. सून सोडून.

गेल्या उन्हाळ्यात जावयाचा फोन आला. आवाजावरनंच कळलं.

मी पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सोप्यात त्याला निजवला होता. पोरीच्या खोलीत पंखा पोत्यावर उघडा पडला होता, पाटाशेजारी पक्कड. तिथंच तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेला होता. डॉक्टर येऊन गेले होते, म्हणाले होते, हृदय बंद पडलं. पण डॉक्टर गेल्यावर माणसं उरतात. घरात माणसं मावत नव्हती, बायका पदरानं वारा घेत होत्या, सगळे म्हणत होते, लाईट गेलीय. आणि दबक्या आवाजात दुसरं पण म्हणत होते. एक भावकीतला म्हातारा मला बघून गप्प झाला, पण त्याचं वाक्य मी ऐकलं होतं.

"आंदणाच्या पंख्यानंच घेतला म्हणं. पंख्याला हात लावला तवा लाईट हुती, मग गेली."

खरं सांगायचं तर वाटेत माझ्याही मनात तेच आलं होतं. एवढी नजर ठेवून शेवटी लाईटीनं गाठलंच ह्याला, आणि गाठलं ते माझ्या पंख्यातनं. पोरगी आतल्या दारात उभी होती. तिच्यापासनं बायका हातभर लांब सरकून बसल्या होत्या. तिच्या कानावर पण ते गेलेलं मला दिसलं. आता ह्या घरात उभा जन्म ती 'तो पंखा आणलेली सून' म्हणून राहणार होती.

मी दाराबाहेर येऊन उभा राहिलो. उन्हात सगळी गल्ली गप होती, आणि शेजारच्या घरातनं कूलरची घरघर येत होती. पलीकडं पिठाची गिरणी चालू होती. शेजाऱ्याचा इन्व्हर्टर म्हणावं, तर गिरणी काय इन्व्हर्टरवर चालते?

लाईट गेलीच नव्हती.

मी आत आलो, त्याच्याजवळ बसलो आणि त्याच्या अंगावरची चादर छातीपर्यंत सरकवली. भावकीतला तो म्हातारा पुढं झाला.

"पावणं, काय शोधताय? मेल्या माणसाचा खिसा चाचपताय व्हय?"

"व्हय."

"लाज वाटू द्या."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी व्याह्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "पावणं, इचारतूया. घिऊ का?" आणि त्या झोळ आलेल्या खिशात हात घातला. हाताला फ्यूज लागला.

तो वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. म्हटलं, "बघा. घराची लाईट ह्यांच्या खिशात हाय. मग पंख्यात कुठनं आली? पंख्यात ईज नव्हतीच. डॉक्टर काय म्हणाला ते ऐका आता."

जावई उठून आला, त्यानं फ्यूज माझ्या हातात बघितला आणि तो पोरासारखा रडायला लागला. मी मीटरकडं निघालो, तर पोरगी आडवी आली.

"आबा, थांबा. हात."

माझे हात ओले होते. डोळे पुसलेले, घाम आलेला. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि पदरानं पुसले, बोटंबोट, लहान पोराचे पुसावेत तसे. आयुष्यात पहिल्यांदा मी पुसू दिले.

तेवढ्यावर ती थांबली नाही. आत जाऊन पंखा बघून आली. मी पण बघितला. पिन काढून पाटाखाली सरकवलेली होती. नवी वायर बुडातनं घातलेली, आत गाठ मारलेली. हिरवी तेवढी जोडून झाली होती, कसून. लाल आणि काळी राहिली होती.

मग मी फ्यूज बसवला. सोप्यातला छताचा पंखा फिरला, चादरीचं टोक हललं. एक म्हातारी म्हणाली, "आली बाई लाईट येकदाची." कुणी तिला सुधारलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर पावणे पांगले. मी राहिलो. सकाळी पोरीच्या खोलीत पोतं पसरलं, पाटावर बसलो, जावयाच्या रबरी चपला पायात घातल्या. कंडेन्सरचं पोट मोकळं केलं. हिरवी त्यानं जोडलेलीच होती, मी फक्त ओढून बघितली. त्याच्या कामावर संशय म्हणून नाही, त्याची रीत म्हणून. मग लाल आणि काळी जोडली. पिनीत हिरवी ढिली ठेवली. मागं जाऊन खड्ड्यात कळशीभर पाणी ओतलं. ती कुदळ तिथंच भिंतीला होती. राहू दिली.

बूड बंद करत होतो तेवढ्यात शेजारचा दारात डोकावला. घरात गरम, सगळं बंद, हे त्याला दिसलं.

"आबा, तुमची बी लाईट गेलीय का?"

मी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

"गेली न्हाय," म्हटलं. "हितं हाय."